भिंतीवरचा पट्टेरी कोळी आणि मोबाइलचे दहापट भिंग : वर्षभराच्या वापराचा अभिप्राय

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने अडकवायचे दहापट मॅक्रो भिंग मी गेल्या वर्षी आषाढात घेतले आणि तेव्हापासून ते जवळजवळ एकाच कामासाठी वापरत आहे. चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या भिंतींवर, जाळे न विणता उडी मारून शिकार करणारा जो कोळी राहतो, त्याचे निरीक्षण करणे आणि तो नेमका कुठे कुठे राहतो याची नोंद ठेवणे, हे ते काम. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण याच घडणीची भिंगे आज अनेक नावांनी विकली जातात आणि माझा अभिप्राय घडणीविषयी आहे. मला ते १,३५० रुपयांना पडले. ॲल्युमिनियमच्या कड्यात बसवलेली काच, आतून रबर लावलेला चिमटा, पुढे-मागे झाकणे आणि एक कापडी पिशवी, एवढे साहित्य डब्यात होते.

फुले, दवबिंदू किंवा नाण्यावरची अक्षरे टिपून भिंगाची परीक्षा करणारे अभिप्राय पुष्कळ वाचायला मिळतात. पण फूल जागचे हलत नाही आणि नाणे आपल्याकडे वळून पाहत नाही. उड्या मारणारा कोळी ही दोन्ही कामे करतो, म्हणून त्याच्यावर केलेली परीक्षा भिंगाला अधिक कठीण जाते.

या कोळ्याचे शास्त्रीय नाव प्लेक्सिपस पायकुली. साल्टिसिडी हे त्याचे कुळ, आणि ६,००० हून अधिक जाती असलेले हे कोळ्यांचे सर्वांत मोठे कुळ आहे. पूर्ण वाढलेला नर किंवा मादी साधारण एक सेंटिमीटर लांबीची असते. नर काळा असून त्याच्या पाठीवर डोक्यापासून मागपर्यंत एक रुंद पांढरा पट्टा जातो, दोन्ही कडांनाही पांढरे पट्टे असतात. मादी करड्या-तपकिरी रंगाची, मधला पट्टा फिकट बदामी, आणि पोटाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका. नुसत्या डोळ्यांना नर चटकन ओळखू येतो. मादी मात्र धुळीच्या भिंतीवर बसली तर हलेपर्यंत दिसत नाही. कोकणातील जुनी माणसे कोळ्याला कातीण म्हणतात आणि दिवाळीच्या आधी काठीला केरसुणी बांधून कातणीची सगळी जळमटे काढतात. या कोळ्याचा मात्र त्या जळमटांशी काहीही संबंध नाही. तो रेशीम वापरतो ते उडी मारताना मागे सोडायच्या दोऱ्यासाठी, रात्रीच्या निवाऱ्यासाठी आणि अंड्यांच्या कोशासाठी. माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

भिंग पहिल्यांदा लावून नराकडे पाहिले तो क्षण मला अजून आठवतो. पडवीच्या भिंतीवर तो माझ्याकडे तोंड करून बसला होता. समोरच्या ओळीतील चार डोळे, त्यांतले मधले दोन मोठे, आणि त्या दोघांच्या मधून खाली उतरणारी पांढरी रेघ इतकी स्पष्ट दिसली की मी नकळत श्वास रोखून धरला. त्या मधल्या दोन डोळ्यांची रचना दुर्बिणीच्या नळीसारखी असते. बाहेरचे भिंग जागेवर स्थिर राहते आणि आतला दृष्टिपटल हलतो, म्हणून डोके न हलवताही तो वस्तू निरखू शकतो. बाकीचे डोळे भोवतालची हालचाल टिपतात. माझ्या भिंगातून आतल्या दृष्टिपटलाची हालचाल दिसली असे मी म्हणणार नाही, पण डोळ्यांवरची चमक, तोंडासमोरच्या आखूड सोंडांसारख्या अवयवांवरील पांढरे केस आणि पायांच्या टोकांशी असलेले केसांचे झुपके नीट दिसले. गुळगुळीत ऑइलपेंटवरही तो सरळ उभा चढतो तो या झुपक्यांच्या बळावर. १,३५० रुपयांत एवढे दिसावे, ही या भिंगाची पहिली आणि सर्वांत मोठी जमेची बाजू.

आता थोडे मोजमाप. दहापट भिंगाचे नाभीय अंतर साधारण २५ मि.मी. असते, त्यामुळे चित्र स्पष्ट येण्यासाठी भिंगाची कड कोळ्यापासून अडीच सेंटिमीटरच्या आसपास न्यावी लागते. मी टेबलावर पट्टी ठेवून तपासले तेव्हा चौकटीत पट्टीचा ३२ मि.मी. भाग मावला, म्हणजे एक सेंटिमीटरचा कोळी चौकटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतो. हे प्रमाण या जातीसाठी अगदी योग्य आहे. याच कंपनीचे वीसपट भिंगही मिळते, पण त्यासाठी कोळ्यापासून सव्वा सेंटिमीटरवर जावे लागेल, आणि एवढ्या जवळ गेल्यावर तो फोनवरच उडी घेईल. माझ्या दहापट भिंगावरही तो दोनदा येऊन बसला आहे. स्पष्टतेची खोली मात्र दोन-तीन मिलिमीटरच आहे. डोळे स्पष्ट आले की पोट धूसर, पाठीवरचा पट्टा स्पष्ट आला की चेहरा धूसर. ही त्रुटी या भिंगाचीच नव्हे, एवढ्या जवळून पाहणाऱ्या प्रत्येक भिंगाची आहे. तरीही विकत घेणाऱ्याने ती धरून चालावी आणि समोरून एक व वरून एक असे दोन फोटो घ्यावेत.

पद्धतही शिकावी लागते. सावली अंगावर पडली की तो भिंतीच्या फटीत शिरतो, म्हणून उजेड आपल्या पाठीमागे न ठेवता बाजूला ठेवावा आणि समोरून, सावकाश पुढे सरकावे. पहिल्या आठवड्यात मी साठेक फोटो काढले, त्यांतले तीन ठेवण्याजोगे निघाले. श्रावण संपेपर्यंत दर पाच फोटोंत एक चांगला येऊ लागला.

भिंगाची खरी कसोटी वेगवेगळ्या जागी लागली, कारण हा कोळी एकाच प्रकारच्या ठिकाणी राहत नाही. आमच्या घरी तो सर्वांत जास्त दिसतो तो पडवीतील ट्यूबलाइटच्या खालच्या दोन हातांच्या पट्ट्यात. साल्टिसिडी कुळातील कोळी डोळ्यांनी शिकार करतात, म्हणून त्यांचा दिवस उजेडाबरोबर संपतो. पण विजेचा दिवा हा दिवस लांबवतो आणि भक्ष्यही तिथेच आणून देतो. पावसाळ्यात संध्याकाळी सातनंतर मी त्याला दिव्याखाली डास, लहान पतंग आणि एकदा पंख गाळणारी वाळवी पकडताना पाहिले आहे. येथे भिंगाने निराशा केली. ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांना पुरेसा वाटला तरी कॅमेऱ्याला पुरत नाही, आणि फोनचा फ्लॅश लावला तर भिंगाच्या कड्याची गोल सावली थेट कोळ्यावर पडते. दुसऱ्या हातात विजेरी धरून तिच्या तोंडावर दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा लावला तेव्हा चित्र सुधारले. असा एक पातळ पांढरा पडदा कंपनीने डब्यातच दिला असता तर किंमत फारशी वाढली नसती.

दिवसा तो विजेच्या मीटरच्या पेटीभोवती, खिडकीच्या चौकटीवर, दाराच्या बिजागरीजवळ आणि अंगणातील गडग्यावर सापडतो. जांभ्याच्या गडग्यावर फोटो काढणे मला सर्वांत आवडले. चिऱ्याच्या लालसर छिद्रांमधून मादी डोके बाहेर काढते, तिच्या करड्या रंगामागे तो तांबूस दगड येतो आणि सकाळी नऊच्या कोवळ्या उन्हात भिंगाला कसलाच वेगळा उजेड लागत नाही. परसातल्या पपनसाच्या खोडावर आणि लिंबाच्या पानांवरही मला काही माद्या दिसल्या. अमेरिकेतील फ्लोरिडात ही जात इमारतींखेरीज लिंबूवर्गीय फळांच्या बागांत आणि क्वचित कापसाच्या शेतात आढळते, हे वाचल्यापासून मी ती झाडे मुद्दाम तपासू लागले. मात्र घरापासून पन्नास पावलांवर जिथे आमची बाग संपते आणि काजूची झाडे व दाट रान सुरू होते, तिथे वर्षभरात मला ही जात एकदाही दिसली नाही. तिथे उड्या मारणारे इतर कोळी भरपूर आहेत, पण हा माणसाच्या भिंतीचा सोबती दिसतो. पुण्यात मुलीच्या सदनिकेत गेले तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दांडीवर, हाच पट्टेरी नर मला भेटला.

याच ठिकाणी मला या भिंगाची एक गोष्ट खटकली, आणि हा अभिप्राय लिहिण्यामागचे मुख्य कारण तेच आहे. घरी परतल्यावर मी फोटो चाळू लागले तेव्हा गडग्यावरचे चार-पाच सोडले तर कोणता फोटो पडवीतला, कोणता पुण्यातला आणि कोणता मीटरच्या पेटीवरचा, हे मला फोटो पाहून सांगता येईना. प्रत्येकात कोळी उत्तम होता, आणि त्याच्यामागे बत्तीस मिलिमीटर पांढरी भिंत होती. भिंग कोळ्याला जितके जवळ आणते तितके त्याचे घर चौकटीबाहेर फेकते. ज्याला केवळ सुंदर चित्र हवे आहे त्याला यात काहीच गैर वाटणार नाही. पण एखादी जात कुठे राहते हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याच्या दृष्टीने दिवा किती उंचीवर होता, भिंत चुन्याची होती की ऑइलपेंटची, शेजारी झाड होते का, ही माहिती कोळ्याच्या डोळ्यांइतकीच मोलाची असते. तेव्हापासून मी नियम केला आहे: भिंगाने फोटो घेतला की चिमटा काढायचा, तीन पावले मागे यायचे आणि त्याच जागेचा साधा फोटो घ्यायचा. वहीत तारीख, वेळ, जमिनीपासूनची उंची आणि पृष्ठभाग लिहायचा. चिमटा काढणे-लावणे एका हाताने जमते, हे या घडणीचे सोयीचे अंग; स्क्रूने बसवायच्या भिंगात ही सवय टिकली नसती.

या जातीच्या प्रसाराची हकिगत समजली की जागेच्या नोंदीचे महत्त्व अधिकच पटते. १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर जे अभ्यासक इजिप्तला गेले त्यांत झ्यूल-सेझार साव्हिन्यी हे प्राणिशास्त्रज्ञ होते. तेथील कोळ्यांची अतिशय बारकाईची चित्रे त्यांनी तयार केली, पण पुढे त्यांच्या डोळ्यांना असा विकार जडला की चित्रांचे वर्णन लिहिणे त्यांना शक्य झाले नाही. ते काम व्हिक्टर ओदुअँ यांनी केले आणि १८२६ मध्ये या कोळ्याला नाव मिळाले. बारीक जिवांचे डोळे आणि केस रेखाटणाऱ्या माणसाची दृष्टी जावी, हे वाचून मला फार वाईट वाटले होते. इजिप्तमधून वर्णन झालेल्या या जातीचे मूळ घर आफ्रिका मानले जाते. तिथून माणसाच्या मालाबरोबर, जहाजांतून आणि पेट्यांतून ती उष्ण प्रदेशांत सर्वदूर पोहोचली. आज ती दोन्ही अमेरिका खंडांत, भारतापासून जपानपर्यंत, ऑस्ट्रेलियात आणि प्रशांत महासागरातील बेटांवर आढळते. जपानमध्ये उड्या मारणाऱ्या कोळ्यांना माशी पकडणारा या अर्थाचे हाएतोरी असे नाव आहे आणि तिथेही ही जात घरांतच राहते. चिपळूणची पडवी आणि जपानमधील खोली यांत तिला फारसा फरक वाटत नसावा. उबदार भिंत, एखादी फट आणि माश्या-डास असले की तिचे भागते.

अशा सर्वत्र पसरलेल्या जातीच्या माझ्या नोंदीने जगाच्या नकाशात मोठीशी भर पडत नाही, हे मी जाणते. पण याच भिंगाने हात बसल्यावर माणूस घराबाहेर पडतो, आणि तिथे गोष्ट वेगळी आहे. मुंबईच्या आरे वसाहतीतून जेर्झेगो सुनिललिमये या उड्या मारणाऱ्या कोळ्याचे वर्णन २०१७ मध्ये झाले. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातील एका नव्या जातीला हुतात्मा पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ आयसियस तुकारामी असे नाव देण्यात आले. एवढ्या गजबजलेल्या शहरांच्या कुशीत या जाती आपल्या काळापर्यंत अनोळखी राहिल्या. अशा जातीचा फोटो कुणाला दुसऱ्या तालुक्यात मिळाला, आणि त्यासोबत झाड, दगड, गवत यांची नोंद असली, तर ती नोंद अभ्यासकाला खरोखर उपयोगी पडेल. मी माझे फोटो आयनॅचरलिस्ट या, जिवांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवते. तारीख, जागा आणि फोटो असलेल्या नोंदीवर ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीविषयी एकमत झाले की तिला रिसर्च ग्रेड, म्हणजे संशोधनाला चालेल असा दर्जा, मिळते आणि अशा नोंदी पुढे संशोधकांना खुल्या होतात. भिंगाचा फोटो पहिला आणि जागेचा फोटो दुसरा, असे दोन्ही मी एकाच नोंदीत जोडते.

ओळखीच्या बाबतीत भिंगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. घराच्या भिंतींवर या कोळ्याचे शेजारी पुष्कळ असतात. मेनेमेरस बायव्हिटाटस हा चपटा, करडा कोळीही भिंतीला चिकटून राहतो; हसेरियस ॲडनसोनी थोडा लहान, त्याचा नर काळा आणि पोटाच्या पुढच्या कडेवर पांढरी चंद्रकोर मिरवणारा. हे दोघेही माणसाबरोबर जगभर पसरले आहेत आणि दुसरा तर युरोपात झाडांसाठी ऊब राखलेल्या काचघरांतही राहतो. या दोघांना वेगळे ओळखायला दहापट भिंग पुरते. पण प्लेक्सिपस पीटरसी ही याच वंशातील दुसरी जात समोर आली, विशेषतः तिची मादी किंवा अर्धवट वाढलेले पिल्लू, तर नुसत्या फोटोवरून ठाम बोलणे धाडसाचे ठरते. पक्की ओळख प्रौढ नर-मादीच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून सूक्ष्मदर्शकाखाली होते, आणि तिथे असे भिंग उपयोगाचे नाही. माझ्या वहीत म्हणूनच सतरा नोंदींपुढे केवळ ‘प्लेक्सिपस’ एवढेच लिहिले आहे.

इतर उणिवा थोडक्यात सांगते. जाड कव्हर घातलेल्या फोनवर चिमटा घट्ट बसत नाही, तेव्हा कव्हर काढावे लागते. दोन-तीन कॅमेरे असलेल्या नव्या फोनमध्ये, वस्तू जवळ आली की फोन आपोआप दुसरा कॅमेरा निवडतो आणि चित्र एकदम काळे होते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ही स्वयंनिवड बंद करावी. आमच्या भागातील पावसाळी हवेत चार महिने भिंग कापडी पिशवीत ठेवले तर काचेवर बुरशी येण्याची भीती असते. मी ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत, औषधांच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते आणि वर्षानंतरही काच स्वच्छ आहे. चिमट्याचे रबर मात्र एका बाजूने सुटू लागले आहे. ते डिंकाने चिकटवले, पण १,३५० रुपयांच्या वस्तूचे रबर वर्षभरात सुटायला नको होते.

दागिन्यांच्या दुकानात वापरतात तसले हाती धरायचे दहापट भिंग याहून स्वस्त मिळते, आणि केवळ पाहण्यासाठी ते अधिक चांगले आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. डोळा आणि कोळी यांच्यात फोन येत नाही, चित्र जिवंत वाटते, मुलांनाही लगेच जमते. शेजारच्या दोघा मुलांना मी तेच दिले आहे. नोंद ठेवायची असेल तर मात्र चिमट्याचे भिंग घ्यावे. दहापटच घ्यावे, वीसपटाच्या मोहात पडू नये. या कामासाठी मी त्याला पाचपैकी चार गुण देते. एक गुण कापला तो रबर आणि उजेडाच्या पडद्यासाठी. चौकटीबाहेर जाणाऱ्या घरासाठी कापलेला नाही, कारण ते काम वापरणाऱ्याचे आहे.

परवा सकाळी मीटरच्या पेटीच्या वरच्या कोपऱ्यात एका मादीने पांढरा रेशमी निवारा विणलेला दिसला. तीन दिवस ती तिथून हललेली नाही, बहुधा आत अंड्यांचा कोश असावा. भिंगातून घेतलेल्या फोटोत रेशमाचा एक दाट थर आणि त्यातून दिसणारे दोन पाय एवढेच आहे. दुसऱ्या फोटोत पेटी आहे, तिच्यावरची ट्यूबलाइट आहे, डावीकडे पपनसाची फांदी आहे. वहीत लिहिले: उंची पाच फूट दोन इंच, पृष्ठभाग रंगवलेला पत्रा, दिव्यापासून अंतर दीड हात.